नवऱ्याची मुदतवाढ

बँकेचा निरोप आला तेव्हा आमचे हे कुणाच्या तरी खालच्या जबड्याचं मेण कोरत होते. फोन चष्म्याजवळ नेऊन त्यांनी तो वाचला आणि मागच्या खोलीतूनच ओरडले, "अगं, ऐकलंस का? व्याजदर पुन्हा वाढला, पण आपला हप्ता एका पैशानं वाढलेला नाही!"

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, कर्जावर घेतलेलं. मागच्या खोलीत हे दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवतात आणि पुढच्या खोलीत खिडकीशी माझं शिलाई मशीन. एवढा आनंद ह्यांना आमच्या लग्नातही झाला नव्हता. संध्याकाळपर्यंत जिन्यातल्या प्रत्येकाला थांबवून त्यांनी सांगितलं की बँकेतही माणसं असतात.

माझा स्वभाव संशयी. कुणी फुकट काही दिलं की मी ते आधी उलटं करून बघते. निरोप शेवटपर्यंत वाचला, तर खाली लिहिलं होतं की हप्ता तोच, मुदत वाढवली आहे. शेवटचा हप्ता ह्यांच्या पासष्टाव्या वर्षी जायचा होता. तो आता बहात्तराव्या वर्षी जाणार होता.

"बहात्तर!" मी म्हणाले.

"मग काय झालं?"

"तुमच्या घराण्यात बहात्तर पाहिलंय कुणी?"

मुद्दा बिनतोड होता. माझे सासरे सहासष्टाव्या वर्षी गेले. चुलत सासरे त्याही आधी, चहा पिता पिता गेले. त्यांच्या हातातला कप फुटला नाही, हे आमच्याकडे अजून कौतुकानं सांगतात. ह्यांना स्वतःला दोन वर्षं झाली रक्तदाबाची गोळी चालू आहे. अशा माणसाला बँकेनं बहात्तरपर्यंत गृहीत धरलं होतं, आणि ते मला न विचारता. मुळात मला कर्ज या शब्दाचीच धास्ती. शेजारून वाटीभर साखर उसनी आणली तरी ती परत करेपर्यंत मला चहा गोड लागत नाही. आणि आता कर्ज मागे ठेवून हा माणूस निघून गेला तर? खरं सांगायचं तर कर्जाचं दुय्यम होतं. निघून गेला तर, एवढ्यावरच माझा जीव अडकत होता.

म्हणून मीही ह्यांची मुदत वाढवायची ठरवली.

दुसऱ्या दिवशी लोण्याचा डबा रिकामा झाला तो भरला नाही. चहातली साखर निम्मी झाली. मिठाची बरणी टेबलावरून माझ्या मशीनच्या खणात गेली. खाली उतरताना आणि वर येताना लिफ्ट बंद, जिना चालू. जेवल्यावर ह्यांना डुलकी लागायच्या आत मी चपला पुढ्यात ठेवायची.

"एक विचारू?" चौथ्या-पाचव्या दिवशी हे कोरड्या पावाकडे बघत म्हणाले. "लोणी महाग झालं आणि त्याच आठवड्यात ते माझ्या हृदयाला वाईट ठरलं. साखर महाग झाली, तीही वाईट ठरली. दुधी भोपळा तेवढा स्वस्त आहे, तर तो गुणकारी. हे प्रेम आहे की काटकसर?"

"दोन्ही एकाच पिशवीत येतं. खा."

"दात कोरून पोट भरत नाही, बायको." ही म्हण ते धंद्याची म्हणून दर दोन दिवसांनी वापरतात.

धंद्याचं मात्र खरंच वाईट चाललं होतं. महागाई वाढली की माणसं आधी दातांचा खर्च टाळतात. कुणी मोडकी कवळी डिंकानं चिकटवून आणायचं. वरच्या मजल्यावरच्या हेडमास्तरांनी तर फक्त वरची कवळी करून घेतली. खालची कवळी व्याजदर उतरल्यावर, म्हणाले. तेव्हापासून ते जिन्यात भेटले की भरघोस हसतात आणि घरी जाऊन खीर खातात. "दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात," हे म्हणायचे, "ह्यांच्याकडे दात आहेत तेही अर्धेच."

माझं उलट झालं. नवे कपडे कुणाला परवडेनात, म्हणून जुन्यांची रांग माझ्या दारात लागली. कॉलर उलटून द्या, कंबर सोडून द्या, मोठ्याची पँट धाकट्याला करून द्या. हेडमास्तरही दोन सदरे घेऊन आले, कारण निम्म्या दातांनी माणूस बारीक होतो. माझं मशीन सकाळपासून धडधडायचं आणि मागच्या खोलीतलं ह्यांचं घासायचं यंत्र तासन् तास मुकं असायचं. त्या मुकेपणाकडे मी लक्ष द्यायला हवं होतं. मी मिठाच्या बरणीकडे लक्ष देत बसले.

एके दिवशी दोरा आणायला खाली गेले, तर औषधवाल्यानं हाक मारली.

"वहिनी, अभिनंदन! दादांची गोळी निम्म्यावर आणली ना डॉक्टरांनी? एक पाकीट दुप्पट दिवस जायला लागलं, तेव्हाच मी ओळखलं. पथ्याचा गुण आहे हो तुमच्या."

मी फुलून गेले. दुधी भोपळ्यानं करून दाखवलं! अर्धा जिना त्याच तोऱ्यात चढले. मग पाय थांबले. डॉक्टरांकडे आम्ही गेलोच कधी होतो? गोळीची किंमत वाढली तेव्हा हे मला म्हणाले होते, "तेवढं चालायचंच." त्यानंतर डॉक्टरांचं नाव घरात निघालं नव्हतं.

मागच्या खोलीत हे एका कवळीला पॉलिश करत बसले होते. गोळ्यांचं पाकीट शोधायला मी सरळ टेबलाचा खण ओढला. नवे दात तिथल्या चपट्या डब्यात असतात, मेणाच्या पट्टीवर ओळीनं लावलेले. पुढचे दात, सुळे, दाढा. शेवटच्या पट्टीवर दाढांच्या जागी अर्ध्या गोळ्या बसवलेल्या होत्या. प्लास्टर कापायच्या बारीक करवतीनं कापलेल्या, एकसारख्या, कुठे भुगा नाही. हाताचं काम म्हणाल तर नाव ठेवायला जागा नव्हती.

"हे काय आहे?"

ह्यांनी यंत्र बंद केलं. "कळलं का? बरं झालं. रोज चोरून कापायचा कंटाळा आला होता."

"डॉक्टर म्हणाले अर्धी घ्या?"

"किमतीनं सांगितलं."

"थट्टा नको!" मी एवढ्या जोरात ओरडले की वर हेडमास्तरांच्या हातातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. "मी इकडे तुमचं मीठ लपवतेय, भर उन्हात तुम्हाला फिरवतेय, लोणी डोळ्यांना दिसू देत नाहीये, आणि तुम्ही गोळी कापता? घरात पैसे नव्हते का?"

"होते. तुझे होते." ते कवळीकडे बघत बोलत होते. "हप्त्यात तुझी शिलाई, भाजीत तुझी शिलाई. म्हटलं, निदान गोळी तरी आपल्या कमाईत बसवावी. माझ्या कमाईत अर्धीच बसली."

बायकोच्या पैशानं आणलेली भाजी ह्या माणसाला चालत होती, फक्त गोळी चालत नव्हती. पुरुषांचा मान कुठे जाऊन बसेल ह्याचा नेम नाही.

"आणखी एक आहे," ते म्हणाले. "आता ओरडतेच आहेस तर तेही घे. मुदत बँकेनं आपणहून वाढवली नाही. त्यांनी विचारलं होतं, हप्ता वाढवू की वर्षं वाढवू? मी म्हटलं, वर्षं वाढवा. पैसे तर नव्हतेच माझ्याकडे. वर्षं असतील, असं वाटलं."

असतील. हा एवढा शब्द ऐकला आणि मी स्टुलावर बसले. मला रडू आलं, आणि रडताना मला फार राग येतो.

"वर्षं तुमची एकट्याची नाहीत," मी म्हणाले. "त्यात माझी निम्मी आहेत. परत कुणाला द्यायची झाली तर आधी मला विचारायचं."

त्यांनी मान हलवली. मग खिशातला रुमाल काढून पुढे केला. त्याला प्लास्टर लागलेलं होतं. मी नाक पुसलं आणि पांढरी झाले. हे हसले, मग मीही हसले, पण राग सोडला नाही. आधी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रक्तदाब पाहून ह्यांना असं काही झापलं की माझ्यासाठी बोलायला काही उरलं नाही. गोळी अख्खी, पथ्य चालूच.

मग गेलो बँकेत. काचेमागची मुलगी आमच्या धाकट्या नणंदेच्या मुलीएवढी, बोलायला गोड. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता काय करायचं, काकू? हप्ता थोडा वाढवला तर अडुसष्टपर्यंत संपेल. पण एकट्या काकांच्या उत्पन्नावर नाही वाढवता येणार. तुमचं शिलाईचं उत्पन्न धरावं लागेल. म्हणजे सहकर्जदार म्हणून तुमचीही सही लागेल."

हे माझ्याकडे बघायला लागले. साखरेच्या वाटीचं प्रकरण त्यांना ठाऊक आहे. मी पेन हातात घेतलं. सही केली. ती एवढी वाकडी आली की मुलीनं आणखी एकदा करायला लावली. ती दुसरी जरा सरळ आली.

"झालं," बाहेर पडताना हे म्हणाले. "आता गोळीसुद्धा तुझी, कर्जसुद्धा तुझं."

"अर्धं. सगळं अर्धं. गोळी सोडून."

आता सकाळी चहाबरोबर हे गोळी जिभेवर ठेवून मला दाखवतात, शाळेतल्या पोरासारखे. "बघ, अख्खी." मी बघते, मान हलवते, मग मशीनवर बसते. घासायचं यंत्र अजून अर्धा दिवस मुकंच असतं. पण परवा हेडमास्तर आले आणि सदऱ्याची बाही दाखवता दाखवता खालच्या कवळीची चौकशी करून गेले. हप्त्यानं होईल का, विचारत होते.

काल फिरायला गेलो तेव्हा हे कोपऱ्यावर दम खायला थांबले. म्हणाले, "अडुसष्ट. आमच्या घराण्यात विक्रमच होईल म्हणायचा."

"व्हायलाच हवा."

"आणि फिटलं की? मग तरी लोणी मिळेल ना? मग काय तुला काळजी? कर्ज नाही, काही नाही. मग मी मोकळा."

मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना पुढे चालायला लावलं.

"फिटलं की दुसरं काढू," मी म्हणाले.