जेडच्या दुकानातला दिवा विझला तेव्हा

ऐक ना, ऐक! हातातलं ठेव बाजूला. आत्ता, अगदी आत्ता दुपारी जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवणारच नाही. कोण बोलतंय म्हणून मागे काय बघतोस? वर बघ, वर. हां. मी दिवा बोलतोय. चीनमधल्या ग्वांगझोच्या जेड गल्लीत, वानयीच्या दुकानात, काउंटरवर लोंबकळणारा पिवळा दिवा.

माझा जन्म इथून जवळच, गुझेनला. तिथे जो तो दिवेच बनवतो. एका पोरीने मला होल्डरमध्ये फिरवलं, मी पेटलो, ती म्हणाली, "चल, पुढचा." झालं माझं बारसं. माझा एक भाऊ लालसर उजेडाचा, तो डुकराच्या मटणाच्या गाळ्यावर गेला. त्याच्याखाली शिळं मांससुद्धा ताजं दिसतं म्हणे. मी मनात म्हटलं, बरं झालं बाबा, असलं पाप आपल्या वाट्याला नाही.

कसलं काय! मी आलो जेडच्या, म्हणजे त्या हिरव्या किमती दगडाच्या दुकानात. माझ्या उजेडात फिका दगड लोण्यासारखा मऊ दिसतो आणि रंग पाजलेला दगड खऱ्याहून खरा. गिऱ्हाईक 'अय्या, काय हिरवा आहे!' म्हणतं ना, तेव्हा तो हिरवा अर्धा माझा असतो. त्यामुळे इकडे आलाच आहेस तर माझ्या भरवशावर काही घेऊ नकोस. बांगडी आवडली की सरळ दारात न्यायची, उन्हात नाही, सावलीतल्या उजेडात बघायची. भाव ऐकून तोंड वाकडं करायचं नाही. ठेवायची खाली आणि निघायचं हळूहळू. मागून हाक येते की नाही बघ. दुकानदाराने दिलेला चहा खुशाल प्यायचा, त्याने काही विकत घ्यायचं बंधन येत नाही. आणि बांगडी उगाच हातात चढवायची नाही. ती साबण लावूनही उतरत नाही, आणि फुटली तर तुझ्या गळ्यात.

हे सगळं मला माहीत असून मी रोज गुपचूप पेटतो. त्याचीच बोच होती रे. आज वाटलं, एकदा तरी खरं वागावं.

तर झालं असं. दुपारी पर्यटकांची बस आली. झेंडेवाल्या गाइडने ओरडून सांगितलं, "अर्धा तास! उशीर केलात तर बस सुटेल, मग चालत जा हॉटेलवर!" गर्दीतून एक मावशी आत आल्या. आडनाव लुआन, पार उत्तरेकडच्या, बर्फाळ हार्बिनच्या. उकाडा इतका, तरी अंगात लोकरीचं जाकीट. दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना दोन्ही हातांनी चौकट धरलेली.

"पोरी, याच्यासारखी बांगडी हवीय," म्हणत त्यांनी रुमालातून हिरव्या बांगडीचा तुकडा काढला आणि वानयीच्या हातात द्यायला गेल्या.

"हातात नको मावशी, कापडावर ठेवा," वानयी म्हणाली. इथे जेड कोणी कोणाच्या हातात देत नाही. एकाने ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा. मधल्यामधे पडला तर कुणाचा, हे भांडण नको.

मावशी सांगायला लागल्या. बांगडी त्यांच्या आईची. या हिवाळ्यात इमारतीच्या जिन्यावर बर्फ होता, पाय घसरला, वरून थेट खाली. बांगडीचे तुकडे झाले आणि यांना साधं खरचटलंही नाही.

"आईनेच झेललं बघ माझ्यावरचं," त्या म्हणाल्या. "जेड असंच करतो, माणसावरचं स्वतःवर घेतो. पण तेव्हापासून हात मोकळा, आणि जिना दिसला की पाय लटपटतात. पोरगा म्हणतो, लिफ्टवाल्या घरात चल. मी का म्हणून घर सोडू? तशीच बांगडी मिळाली की मी उतरेन ठणठणीत."

वानयीने तुकडा उचलला. तळहातावर जोखला, गालाला लावला. जरा वेळ तसाच ठेवला. मग खालच्या खणातून एक बांगडी काढून त्याच्या शेजारी ठेवली, बरोब्बर माझ्याखाली. अरे, हुबेहूब! जुळ्या बहिणी!

मावशींचे डोळे भरून आले. "हीच गं, हीच! केवढ्याला?"

"तीनशे युआन द्या."

पण खालचा खण म्हणजे रंग पाजलेला माल, हे मला ठाऊक. म्हटलं, वानयी, तू सुद्धा? आईची आठवण घेऊन आलेल्या बाईला? आणि हे फसवणं चाललंय माझ्या उजेडात! माझ्या होल्डरचा सांधा जरा ढिला आहे, गल्लीतून टेम्पो गेला तरी मी लुकलुकतो. तेवढ्यात एक टेम्पो आलाच. मी मागचापुढचा विचार केला नाही. मान टाकली. विझलो.

"अरेच्चा!" वानयीने पिसांचा झाडू उचलून मला दोन फटके दिले. मी ढिम्म.

"असू दे गं, दारात बघू," मावशी म्हणाल्या.

"नको, नको! थांबा ना मावशी, आत्ता लागेल." तिची ती घाई बघून मला वाटलं, सापडली चोरी!

इतक्यात समोरच्या दुकानातले तान काका आले. खिशात कायम बॅटरी, नाक कायम दुसऱ्याच्या दुकानात. "काय, अंधारात धंदा चाललाय वाटतं? दाखवा, मी उजेड देतो." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी बॅटरी लावली. पण नव्या बांगडीला नाही रे! त्या तुकड्याला. खालून. आरपार.

आत बुडबुडे. गोल गोल, सोड्याच्या बाटलीत असतात तसे.

"ही तर काच!" काका म्हणाले. "नुसती रंगीत काच."

वानयीने काकांकडे असं बघितलं की मीच फुटलो असतो. "काका, तुमची बॅटरी आणि तुमचं तोंड एकदमच सुरू होतं का हो?"

"अगं, मी आपलं खरं तेच..."

"मला गालाला लावल्याबरोबर कळलं होतं! जेड गार राहतो, हा तुकडा लगेच कोमट झाला. म्हणून तर तसलीच साधी काढून दिली ना मी! घालून गेल्या असत्या आनंदाने."

आता बोल. तीनशे युआन ऐकलं तेव्हाच मला कळायला हवं होतं की नाही? खरा म्हणून विकायचा असता तर तिने हजारांच्या खाली तोंड उघडलं असतं का? आणि दारातल्या उजेडात तुकड्याची काच उघडी पडू नये, म्हणून तिची ती घाई. मी एवढी दुकानदारी बघितलेला, आणि मला फक्त पापच ओळखता येतं.

मावशी तुकड्याकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "काच. मग त्या दिवशी मला झेललं कोणी?"

काकांनी बॅटरी विझवली. वानयी म्हणाली, "मावशी, ही घेऊन जा. पैसे नकोत."

"नको गं पोरी. तू चांगली आहेस. पण आता ती घालून मला काय वाटणार?" त्यांनी तुकडा उचलला आणि पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात, किल्ल्यांच्यात टाकला. रुमालात नाही गुंडाळला. मला ते बघवेना.

दारात येऊन थांबल्या. तीन पायऱ्या रे, तीन! खाली गाइड शिट्ट्या मारतोय, बसमधून कोणीतरी ओरडतंय, "लुआन ताई, अख्खी गल्ली घेऊन येताय का?" आणि ह्यांचा पाय उचलेना. वानयी काउंटरला वळसा घालून धावली. हात धरला, एकेक पायरी करत खाली नेलं, पार बसच्या दारापर्यंत. आज ती होती. हार्बिनच्या जिन्यावर कोण आहे?

नंतर काकांनी स्टुलावर चढून माझा सांधा आवळला. खजील होऊन. मी पुन्हा पेटलो. वानयी जेवणाचा डबा उघडून बसली होती, एक घास खाल्ला नाही तिने.

मी आपला वरून बघत होतो. पेटून होतो तेव्हा खोटा होतो, मान्य. पण विझून मी एका बाईची आई नेली आणि जिना उतरायची तिची आशाही नेली. आणि खरं सांगू? मला अजूनही कळत नाही, ती बांगडी घालून त्या उतरल्या असत्या, आणि पुन्हा घसरल्या असत्या, तर?

तू सांग ना. तू माझ्या जागी असतास तर पेटून राहिला असतास का रे?