पुढं विचारा

“नाही मॅडम, बाबांना कळायला नको,” मनस्वी गॅलरीत उभी राहून फोनवर हळू आवाजात म्हणत होती. “पणजोबांचा विषय मी घरी कधी काढलेलाच नाही. आणि माझं ठरलंय, खरंच.”

आनंदा मोरीत तोंड धुवत होता. नळाच्या आवाजात त्याला ‘बाबांना कळायला नको’ आणि ‘पणजोबा’ एवढंच ऐकू आलं. त्याने नळ बंद केला, पण तोवर फोन संपला होता. मुलगी आत आली ती केस विंचरत, चेहऱ्यावर काही नाही.

“कोन व्हतं?” त्याने टॉवेलाआडून विचारलं.

“कॉलेजच्या मॅडम. पेपर निवडायचेत ना.”

“मंग त्यात लपवायचं काय?”

“कुठे काय लपवलं?” असं म्हणून तिने पोह्यांची बशी ओढली. आनंदाने टॉवेल खांद्यावर टाकला, पण तो एक शब्द त्याच्या डोक्यातून जाईना. पणजोबा. इतिहास शिकायला गेलेली पोर, कुठल्या कोण मॅडम, आणि या दोघींच्या मध्ये त्याचा मेलेला आजा काय करत होता?

आनंदा पनवेल-उरण रस्त्यावर मिनीडोर, म्हणजे सहा आसनी रिक्षा, चालवायचा. स्टँडवरचे लोक त्याला सरळ माणूस म्हणायचे, पण त्याची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. तो कुणाला रस्ता सांगत नसे. एखादा नवखा खिडकीशी वाकून विचारायचा, दादा, खांदा कॉलनीला कुठून जायचं? स्वतः त्याच कॉलनीत राहणारा आनंदा समोर बघत म्हणायचा, “पुढं विचारा.” पोलिसांची गाडी थांबली तर विचारूच नका, तेव्हा तो मुका व्हायचा. बाकीचे ड्रायव्हर त्याची टर उडवायचे, की हा स्वतःच्या घरी तरी कुणाला विचारून जातो!

मुलगी बी.ए.ला इतिहास घेते म्हणाली तेव्हा तो बिथरला नव्हता. त्याच्या समजुतीप्रमाणे इतिहास शिवाजी महाराजांपासून सुरू व्हायचा, गांधीजींपाशी यायचा आणि मग परीक्षा व्हायची. पण कॉलेजात या इतिहासाला इतके फाटे फुटलेले निघाले की हॉटेलातलं जेवणाचं कार्ड परवडलं. प्राचीन भारत वेगळा, मराठ्यांचा वेगळा. खोदकाम करून भांडी शोधणारा एक, संग्रहालयात ती भांडी मांडणारा दुसरा. मोडी वाचायला शिकवणारं प्रमाणपत्र, चीन-जपान, युरोप, पर्यटन आणि वारसा. त्याच्या बायकोने, भावनाने, मासळीची पाटी उतरवता उतरवता लगेच निकाल दिला होता. “त्या पर्यटनालाच जा गो. इमानतळ झालाय, चांगल्या कपड्यात नोकरी मिळंल.” आणि यादीच्या तळाशी एक पेपर होता, त्याचं नाव मनस्वीने वाचलं आणि भरकन पुढे गेली. स्थानिक इतिहास. तेव्हा तिच्या त्या भरकन जाण्याकडे आनंदाचं लक्ष गेलं नव्हतं. आता गेलं.

दुपारी स्टँडवर त्याने धनेशला गाठलं. धनेश त्याच्याच गावचा, खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, आणि त्याच्याच रांगेत गाडी लावणारा.

“कालेजची पोरं गावात येतात काय रं?”

“आलती की मागल्या रविवारी. गंगाबायच्या वट्यावर बसून तिचं बोलनं मोबाईलमदी भरून घेत व्हती.”

“काय इचारत व्हती?”

“जुनंपानं. सत्याग्रहाचं. मला काय माईत?” धनेशने तंबाखू मळता मळता मान वर केली. “तुला कशाला घाम फुटला?”

“ऊन हाय,” आनंदा म्हणाला. पण ऊन काही एवढं नव्हतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. धनेशने तंबाखू तोंडात टाकून दुसरीकडे पाहिलं. हे दुसरीकडे पाहणं आनंदा लहानपणापासून ओळखत होता.

१९३० साली चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला, गोळ्या चालल्या, हे सगळ्या मुलखाला माहीत आहे. त्यानंतर पोलीस गावोगाव माणसं धरत फिरत होते, आणि या कोळीवाड्यातला एक जण डोंगरात लपला होता. तो गंगाबाईचा सासरा, तिने कधी न पाहिलेला. डोंगरातल्या पाऊलवाटा कोळीवाड्यात एकाच घराला पाठ होत्या, कारण ते घर वाड्यांवर सुकी मासळी विकायला जायचं. पहाटे पोलीस बरोबर त्याच्या गुहेपाशी पोचले. त्यांच्या पुढे आनंदाचा आजा हिराजी चालत होता. मार खाऊन चालला की खुशीने, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. धरलेला माणूस तुरुंगातून खोकत परत आला आणि वर्षभरात गेला.

गावाने हिराजीला वाळीत वगैरे टाकलं नाही. पाणी बंद केलं नाही, लग्नाची बोलावणी चुकवली नाहीत. फक्त पालखीत ते घर सर्वांत मागे चालू लागलं. मागे चला असं कुणी म्हणालं नाही आणि पुढे या असंही कुणी म्हणालं नाही. आनंदाचा बाप जन्मभर मागे चालला, आनंदाही चालला. बापाने एकदाच, आनंदा पोरसवदा असताना, त्याला ती डोंगरवाट नेऊन दाखवली. “बघून ठेव,” तो म्हणाला होता, “आनि कुनाला कदी वाट दाखवू नको.” बस, एवढंच. ही गोष्ट आपल्याबरोबर संपवायची म्हणूनच तर आनंदा गाव सोडून कॉलनीत राहायला आला होता. मनस्वीला यातलं अक्षर माहीत नव्हतं, आणि आता ती कॉलेजची बाई तिच्याच हातात फावडं देत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने एक फेरी सोडली आणि मिनीडोर कॉलेजच्या भिंतीला लावली. इतिहास विभागात खुर्चीवर बारीक चणीच्या, पिकल्या केसांच्या बाई बसल्या होत्या. टेबलावर पाटी होती, सिप्पोरा पेणकर. नाव वाचून आनंदाचा संशय आणखी एक पायरी चढला. ही आपल्या धर्माची ना जातीची, हिला आमच्या कोळीवाड्याचं काय पडलंय?

“मी मनस्वीचा बाप,” तो उभ्यानेच म्हणाला. “माझ्या पोरीला नादी लावू नका. आमच्या गावचं उकरून तुमाला काय मिळनार हाय?”

“बसा ना,” बाई म्हणाल्या. “आम्ही बेने इस्राएल, इथलेच ज्यू. मूळ गाव पेण. तेलाचा घाणा होता आमचा. माझे सगळे भाऊ इस्राएलला गेले, तिकडे त्यांची नातवंडं मला फोन करून विचारतात, घाणा कुठे होता? म्हणून मी असल्या गोष्टी लिहून ठेवायला शिकवते. चहा घेणार?”

“चहा नको. पोरीचा पेपर बदला.”

“कुठला पेपर?”

“तोच, गावाचा.”

बाईंनी चष्मा काढला. “तिने तो घेतलेलाच नाही.”

“मंग काय घेतलंय?”

“चीन आणि जपान.”

आनंदा खुर्चीवर बसला. त्याला वाटलं, ही बाई आपल्याला बनवतेय. “चीन?”

“मीच मागे लागले होते तिच्या. म्हटलं, अगं, चिरनेरच्या बाजूची मुलगी तू, तुला माणसं आपणहून सांगतील. ही मुलगी एरवी वर्गात पहिल्या बाकावर, प्रश्न विचारून मला भंडावते. पण त्या पेपरचं नाव काढलं की गप्प. म्हणाली, मॅडम, माझं गाव सोडून जगातलं कुठलंही द्या.”

“का?”

“कारण तिने सांगितलंय मला. ते मी तुम्हाला सांगणार नाही, ते तिचं आहे.” बाईंनी चष्मा पुन्हा घातला. “पण एक सांगते, कारण तुम्ही भांडायला आलात. ती म्हणाली, बाबांना वाटतं मला माहीत नाही. तसंच वाटू दे त्यांना.”

भिंतीवर कुठलातरी नकाशा होता, आनंदा त्याच्याकडे बघत राहिला. “पेपर बदलता येतो,” बाई म्हणाल्या, “शुक्रवारपर्यंत.” त्याने मान हलवली आणि चहा न घेताच जिना उतरला.

मनस्वी फाटकापाशीच भेटली. बापाची गाडी बघून ती दचकली, मग निमूट त्याच्या शेजारी येऊन बसली. गाडी पुलाखालून बाहेर पडली.

“कवापासून माईत हाय तुला?” त्याने समोर बघत विचारलं.

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “आठवीत होते. पालखीला मी मैत्रिणींबरोबर पुढे पळाले होते. एका काकूंनी हात धरून मला मागे आणलं. चिडून नाही, अगदी प्रेमानेच. म्हणाल्या, बाळा, तुमचं घर मागं असतं. मग मी आजीला विचारलं.”

“आन् तिनं सांगितलं?”

“आधी रडली. मग सांगितलं.”

“मला का नाय बोलली?”

“तुम्ही माणसांना साधा रस्ता पण सांगत नाही बाबा,” मनस्वी म्हणाली. “मी तुमच्याशी हे काय बोलणार होते?”

दोन दिवस आनंदा धनेशवर संशय घेत होता, गंगाबाईवर, त्या बाईवर, पोटच्या पोरीवर. आणि पोर मात्र त्यालाच जपत होती. सगळा इतिहास समोर मांडलेला असताना ती आपण होऊन मागे सरकली होती, पार चीनपर्यंत. मागे चालायला त्याने तिला शिकवलं नव्हतं, तरी ती शिकली होती. ही गोष्ट त्याच्याबरोबर काही संपणार नव्हती.

सिग्नलला गाडी थांबली. “चीनचं चीनवाल्यांच्या पोरी बगतील,” तो म्हणाला. “तू आपलं बग.”

“लोक काय म्हणतील गावात?”

“आजवर म्हनत आले तेच. नवीन काय म्हननार?”

“पण खरं काय झालं ते कळणारच नाही कदाचित. त्यांनी मारलं म्हणून, की...”

“ते नाय कळायचं,” आनंदा म्हणाला. “वाट कळंल. ती माईत हाय मला.”

मनस्वीने पेपर बदलला, आणि रविवारी मॅडम आणि तिला धरून चार मुली कोळीवाड्यात उतरल्या. त्यांना ती गुहा पाहायची होती. पण डोंगराचा पायथा खडीच्या खाणीने पोखरून टाकलाय, जुनी वाट कुठे फुटते ते नव्या माणसाला सापडत नाही. “वर जायची वाट दाखवेल का कुणी?” मॅडमनी विचारलं. ओट्यांवर माणसं बसली होती, आनंदा आपल्या गाडीपाशी उभा होता. धनेशने मोबाईल काढून त्यात डोकं घातलं. गंगाबाई आपल्या ओट्यावर सुपात जवळा निवडत होती, ऐंशीच्या घरातली, नजर अजून पक्की.

आनंदाच्या ओठांवर नेहमीचे दोन शब्द आले होते. ते त्याने गिळले. “मला माईत हाय,” तो म्हणाला.

गंगाबाईचा हात सुपात थांबला. सगळा कोळीवाडा तिच्याकडे बघू लागला. आनंदाला वाटलं, आता हिच्या तोंडून हिराजीचं नाव निघणार, पोरींच्या देखत, मोबाईल चालू असताना. तरी तो जागचा हलला नाही.

“आनंदा,” म्हातारी म्हणाली, “पोरींना सांबाळून ने रं. खानीच्या अंगाला निसरडं हाय.” आणि ती पुन्हा जवळा निवडायला लागली.

तो चालू लागला. खाणीला वळसा घालून, मोठ्या दगडाच्या डावीकडून त्याने बरोबर वाट धरली. बापाने एकदाच दाखवलेली वाट पायांनी विसरलेली नव्हती. मागून पावलं वाजत होती. इतकी पावलं आपल्या मागे त्याने आयुष्यात ऐकली नव्हती, आणि दर वेळी कुणाचं पाऊल घसरलं की तो चाल कमी करायचा. मागे वळून मात्र त्याने पाहिलं नाही, कारण डोळे भरले होते आणि पोरींना ते दिसायला नको होतं.

वर करवंदाच्या जाळीने वाट अडवली होती. आनंदाने काटेरी फांद्या हाताने ओढून धरल्या आणि सवयीप्रमाणे तो बाजूला झाला, सगळ्यांनी पुढे जावं म्हणून. कुणी गेलं नाही. मनस्वी त्याच्याजवळ येऊन उभी राहिली, तिने ओढणी हाताला गुंडाळली आणि त्याच्या हातातल्या फांद्या आपल्या हातात घेतल्या.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही पुढे.”