लोरेच्या कोळंब्या

चौदा नंबरच्या इमारतीत झाडपाळीची लाकडी पाटी दर सोमवारी एका दाराच्या मुठीवरून दुसऱ्या दाराच्या मुठीवर जाते. ज्याच्या दारावर पाटी, त्याने आठवडाभर जिना, तळघराचा बोळ आणि फाटकापुढची फरशी झाडायची. स्टुटगार्टच्या आमच्या हेसलाखमध्ये माणूस एक वेळ बायकोचा वाढदिवस विसरेल, पण पाटी विसरणार नाही. हेर ओटमार बाउषही विसरत नसत. फक्त ते पायरीचा मधला भाग झाडत आणि कोपरे सोडून देत. "कोळ्यांनी जायचं कुठे?" असं वर विचारत. मग समोरच्या दारातल्या गेर्लिंडेबाई आयझले, ते घरात गेल्याची चाहूल घेऊन, हळूच बाहेर येत आणि कोपरे काढत. आठ वर्षं हे चाललं होतं, आणि दोघांपैकी कोणीही त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

म्हणून ऑक्टोबरातल्या एका रविवारी हेर बाउष किल्ली घेऊन दारात उभे राहिले तेव्हा गेर्लिंडेबाईंना नवल वाटलं.

"उद्या खुबा बदलतायत माझा," ते म्हणाले. "एक आठवडा इस्पितळात, मग तीन आठवडे बाड उराखच्या आरोग्यधामात. पुन्हा चालायला शिकवणार म्हणे. शहात्तराव्या वर्षी."

"झाडांना पाणी घालीन की मी."

"झाडं नाहीत माझ्याकडे. कोळंब्या आहेत."

"खायच्या?"

"पाळलेल्या! लोरेच्या आहेत त्या."

लोरे म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन आठ वर्षं झाली होती. ती कोपरेसुद्धा झाडायची, त्यामुळे गेर्लिंडेबाईंच्या मनात तिला मोठा मान होता.

"मग काय करायचं त्यांचं?"

"काही नाही," हेर बाउष म्हणाले. "तेच तर अवघड आहे."

काचेच्या टाकीवर त्यांनी चिठ्ठी चिकटवून ठेवली होती. बुधवारी आणि रविवारी चिमूटभर खाणं. पाणी खाली गेलं तर आदल्या दिवशी भरून ठेवलेलं मगभर पाणी. बाकी कशालाही हात लावू नये, कृपा करून. खाली मासे पाळणाऱ्यांच्या मंडळातल्या कोणा हेर नेगेले यांचा फोन नंबर. 'कृपा करून' या दोन शब्दांखाली रेघ मारली होती, आणि गेर्लिंडेबाईंना नेमकी ती रेघ झोंबली.

बुधवारी त्या खाणं घालायला गेल्या आणि टाकी बघून त्यांच्या जिवाचं पाणी झालं. मागच्या काचेवर हिरवी साय चढलेली. तळाला तपकिरी पानं कुजत पडलेली, काहींच्या नुसत्या शिरा उरलेल्या. कोपऱ्यात एक स्पंज, वर्षानुवर्षं न घासलेल्या तव्यासारखा काळाकुट्ट, त्यातून बुडबुडे निघत होते. आणि या उकिरड्यात दोनशेएक लालचुटुक कोळंब्या, नखाएवढ्या, मान खाली घालून पानं वेचत बसलेल्या. बाजारात भाजी निवडणाऱ्या बायकांसारखं त्यांचं चाललं होतं. कोणालाही कसली घाई नव्हती.

या खोलीत गेर्लिंडेबाई याआधी एकदाच आल्या होत्या, लोरेच्या अंत्यविधीच्या दिवशी, कॉफीला. तेव्हाची टाकी त्यांना लख्ख आठवत होती. काच आरशासारखी, पाणी असं की आहे की नाही कळू नये, तळाला पांढरी वाळू. बाई गेली तरी तिचा हात दिसत होता घरात. आणि आता या माणसानं काय करून ठेवलंय बघा!

स्वभावाला औषध नाही, पण गेर्लिंडेबाईंनी तीन दिवस कळ काढली, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. शनिवार उजाडला. शनिवार हा आमच्याकडे झाडण्या-पुसण्याचा वार, आणि त्या आठवड्याची पाटीही त्यांच्याच दारावर होती. त्यांनी जिना झाडला, पुसला. अंगणातल्या ओकची पडलेली पानं गोळा करून मोठ्या पोत्यात भरली. हात धुतले. घरात करण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि हात शिवशिवत होते. किल्ली खुंटीवरच होती.

काम त्यांनी जिवापाड काळजीनं केलं. एकेक कोळंबी चहाच्या गाळणीनं उचलून सॅलडच्या वाडग्यात ठेवली. पानं कचऱ्यात टाकली. काच व्हिनेगरनं घासून तीन पाण्यांनी धुतली, वाळू सात पाण्यांनी. तो काळा स्पंज तर उकळत्या पाण्यात घालून पिळला, पुन्हा घातला, पुन्हा पिळला, तेव्हा कुठे कळलं की त्याचा मूळ रंग निळा आहे. मग नळाचं ताजं पाणी भरलं, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं बघतात तसं कोपर बुडवून बघितलं, आणि कोळंब्या आत सोडल्या. सगळं झाल्यावर त्यांनी स्टुलावर बसून लोणी लावलेला ब्रेझेल पाव खाल्ला. टाकी झगझगत होती. लोरे असती तर तिचे डोळे निवले असते, असं त्यांना मनापासून वाटलं.

रविवारी खाणं घालायला गेल्या तर कोळंब्या सगळ्या टाकीभर वरखाली धावत होत्या. एवढ्या चपळ त्यांनी आधी कधी बघितल्याच नव्हत्या. तेवढ्यात फोन वाजला. इस्पितळातून हेर बाउष.

"खुबा बसला. कशा आहेत?"

"एकदम मजेत! नुसत्या नाचतायत."

पलीकडे पलंग करकरला.

"नाचतायत?"

"म्हणजे पोहतायत हो."

"कशाला हात नाही ना लावलात, फ्राउ आयझले?"

"मी कशाला लावू?"

हे खोटं त्यांच्या तोंडून इतकं सहज निघालं की फोन ठेवल्यावर त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. वेळप्रसंगी दुसऱ्याच्या दारात कचरा पडलाय हे तोंडावर सांगणारी बाई ती. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

सोमवारी सकाळी तळाची पांढरी वाळू गुलाबी दिसत होती. जवळ जाऊन पाहिलं तर त्या कोळंब्या होत्या, आडव्या पडलेल्या, लाल रंग जाऊन दुधाळ झालेल्या. काही अजून पाय हलवत होत्या. गेर्लिंडेबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी चिठ्ठीवरचा नंबर फिरवला.

हेर नेगेले उंच, ओणवा माणूस, तीस वर्षं ट्राम चालवून निवृत्त झालेला. येताना मुरंब्याच्या बरणीत काहीतरी काळं घेऊन आला होता. टाकीपुढे उभा राहून तो म्हणाला, "अरे देवा. किती स्वच्छ!"

तो शब्द गेर्लिंडेबाईंना आयुष्यात पहिल्यांदाच शिवीसारखा लागला.

"घाण काढली फक्त," त्या म्हणाल्या.

"घाण नव्हती ती, बाई. त्यांचं ताट होतं. काचेवरचं हिरवं खातात, पानांवरचं बुळबुळीत खातात. आणि या स्पंजात जे जिवाणू होते ना, ते यांचं शी-मूत निस्तरायचे. ते तुम्ही उकळून काढलेत. आता बसल्यात बिचाऱ्या स्वतःच्या मुतात. वर पाणी सगळं एका दमात बदललं. यांना ते सोसत नाही, कात अडकून मरतात."

"त्यांच्या भल्यासाठीच केलं हो मी."

"करायला गेलात एक आणि झालं भलतंच." त्यानं बरणी उघडली. आत त्याच्या स्वतःच्या टाकीतला स्पंज होता, ओला, काळा. तो त्यानं गेर्लिंडेबाईंच्या हातात दिला. "पिळा. पाण्यात."

"मी?"

"मग काय मी? केलं कोणी?"

त्यांनी पिळला. लख्ख पाण्यात तपकिरी ढग पसरला. बोटांतून ओघळणारा तो गाळ बघताना त्यांना शिसारी आली, तरी शेवटच्या थेंबापर्यंत त्यांनी पिळला.

"आता ओकची पानं हवीत," नेगेले म्हणाला. "आपोआप गळलेली, तपकिरी, वाळकी."

ती कुठे आहेत हे गेर्लिंडेबाईंइतकं कोणाला ठाऊक असणार? त्या खाली अंगणात गेल्या, शनिवारचं पोतं सोडलं आणि खांद्यापर्यंत हात घालून पानं निवडत बसल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्यानं खिडकीतून विचारलं, "काही हरवलं का, फ्राउ आयझले?"

"हो," त्या म्हणाल्या आणि निवडत राहिल्या.

जाण्यापूर्वी नेगेलेनं शिकवलं. रोज थोडंसंच पाणी काढायचं. आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी बारीक नळीतून, नळीला गाठ मारून, थेंब थेंब आत सोडायचं. बादलीभराला दीड-दोन तास लागतात. मेलेली दिसली की लगेच बाहेर काढायची.

"आणि बाकी वेळ?"

"बाकी वेळ हात मांडीवर ठेवून बसायचं." दारात तो थांबला. "यांच्यावर एकदा असंच संकट आलं होतं. लोरे गेली त्याच सुमारास. कसलासा रोग शिरला टाकीत, ओटमार म्हणाला. मोजक्या वाचल्या, त्यांतूनच त्यानं या सगळ्या वाढवल्या. दुकानात मिळतील हो लाल कोळंब्या, पण या लोरेच्या वंशातल्या आहेत." मग म्हणाला, "त्याला तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मीच सांगीन. तोंडावर."

त्यानंतरचे तीन आठवडे गेर्लिंडेबाई रोज सकाळी हेर बाउषच्या खोलीत स्टुलावर बसून होत्या. थेंब पडत होता. पानं भिजून हळूहळू तळाला जात होती. पहिल्या दिवशी एकसष्ट उरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी अठ्ठेचाळीस. आठवड्याअखेरीला बावीस. एकेक गाळणीनं काढताना त्यांना रडू फुटायचं, आणि नखाएवढ्या किड्यासाठी आपण रडतोय याचा रागही यायचा. पण राग येऊन काय उपयोग? किडे लोरेचे होते आणि मारले होते आपण. छताच्या कोपऱ्यात एक जळमट होतं. पहिले चार दिवस ते त्यांना सारखं दिसत होतं. नंतर दिसेनासं झालं, कारण नजर टाकीवरून हलेना.

दर रविवारी फोन यायचा. "कशा आहेत?" हेर बाउष विचारायचे. "आहेत," त्या म्हणायच्या. तेही पुढे काही विचारत नसत, आणि त्यांनी विचारलं नाही म्हणून गेर्लिंडेबाईंना सुटल्यासारखं वाटायचं, आणि तसं वाटलं म्हणून लाज.

आकडा चौदावर आला आणि थांबला. एक दिवस, दोन दिवस, नऊ दिवस. रोज सकाळी त्या जीव मुठीत धरून मोजायच्या. चौदा. मागच्या काचेवर पुसटशी हिरवी झाक आली होती. एक कोळंबी तिथे चिकटून चरत होती, अगदी सावकाश.

नोव्हेंबरात हेर बाउष परतले, दोन कुबड्यांवर. टॅक्सीवाल्यानं बॅग वर आणून ठेवली. गेर्लिंडेबाई त्यांच्या खोलीत आधीच उभ्या होत्या. काय बोलायचं ते त्यांनी आठवडाभर घोकलं होतं, पण हेर बाउषचा कोट उतरायच्या आत सगळं एका दमात बाहेर पडलं.

"मी धुतली टाकी. पहिल्याच शनिवारी. स्पंज उकळला. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले. मेल्या सगळ्या, थोड्या उरल्यात."

हेर बाउष कुबड्या टेकत टाकीपाशी गेले, कण्हत स्टुलावर बसले आणि नाक काचेला लावून बघत राहिले.

"ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "नाचतायत म्हणालात, तेव्हाच कळलं. कोळंबी नाचते ती जीव जाताना."

"मग बोलला का नाहीत काही?"

"धुवायचं का सुचलं तुम्हाला?"

"लोरेच्या वेळी कशी लख्ख होती!" गेर्लिंडेबाई म्हणाल्या. "मी बघितली होती ना. वाटलं, तिच्यासारखी करून ठेवावी."

"कधी बघितली होतीत?"

"तिच्या अंत्यविधीच्या दिवशी. कॉफीला आले होते तेव्हा."

हेर बाउष टाकीकडे तोंड करूनच बसले होते. "लोरेची टाकी कायम अश्शीच असायची. हिरवी, पानांनी भरलेली. त्या दिवशी सकाळी मी घासली ती. म्हटलं, उल्मची आत्या येणार, तुम्ही येणार, लोक काय म्हणतील, बाई गेली आणि घर लगेच घाण. वाळूसुद्धा धुतली. आठवडाभरात सगळं खलास. तिच्याही दोनशे होत्या. मग कुठल्या तोंडानं बोलणार होतो तुम्हाला?"

खाली कोणीतरी फाटक लावलं. त्यानंतर जिन्यावर पावलं वाजली आणि वर निघून गेली.

"किती राहिल्या आता?" त्यांनी विचारलं.

"चौदा."

"माझ्या अकरा राहिल्या होत्या," हेर बाउष म्हणाले. "म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा तीननं बऱ्या."

गेर्लिंडेबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"नेगेलेला मात्र यातलं काही सांगू नका," ते म्हणाले. "आठ वर्षं त्याला सांगत आलोय, रोग आला म्हणून."

"मग खोटं कुठे सांगितलंत?" गेर्लिंडेबाई म्हणाल्या. "रोगच तो."