मण्यांची झूल

मैनाबाईनं आर्णीच्या बाजारातून मण्यांचा डबा आणला, तो घरात हसणं-खेळणं व्हावं म्हणून. दुकानदार म्हणाला होता, "आजी, अख्ख्या घराचा खेळ हाय हा. साच्यावर मणी मांडा, वरून पाणी मारा अन् वाळू द्या. सुई नाही, दोरा नाही. मणी आपसातच चिकटते." मैनाबाईला ते फार पटलं. पोळा तोंडावर आला होता आणि दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यासाठी नातवंडांच्या चाकांवरच्या लाकडी बैलांना झुली लागणारच होत्या.

पहिल्या संध्याकाळी सारं घर त्या डब्याभोवती बसलं. थोरली सून शीला आणि तिची समीक्षा, धाकटी सून प्रियंका आणि तिचा रोशन. मैनाबाईचे दोन्ही लेक शेतातून आले ते हातपाय न धुताच साच्यावर वाकले. नमुन्याला म्हणून सगळ्यांनी मिळून एक फूल मांडलं. समीक्षानं इवल्याशा बाटलीनं त्याच्यावर फवारा मारला, तसे तिचे आजोबा विठ्ठलराव म्हणाले, "एवढ्यानं काय होते? थांब, माया कपाशीचा पंप आणतो."

"आबाजी, त्यानं फूल मरंन ना!" रोशन ओरडला आणि हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

फूल वाळलं, अलगद साच्यावरून निघालं, हातोहात फिरलं. इथवर सगळं गोड होतं.

पण बैल दोन आणि डबा एक. पहिली झूल कोणाची? रोशननं डब्यात हात घातला, समीक्षानं डबा ओढला आणि मणी घरभर सांडले. काही चुलीपाशी गेले, काही तुरीच्या पोत्यामागं. मैनाबाईनं कण्हत-कुंथत सारे वेचले आणि न्याय केला. निळे-पांढरे समीक्षाला, लाल-पिवळे रोशनला. न्याय सरळ होता, पण कोणालाच आवडला नाही.

"निळा बैल कुठं असते काय?" रोशननं चिडवलं.

"अन् तुया? हळदी-कुंकवाचा करंडा दिसून राह्यला!"

पोरांचं भांडण पोरांपाशी राहिलं असतं तर गोष्ट निराळी. ते वर चढलं. शीला भाकरी थापता थापता भिंतीला म्हणाली, "मोठीले आधी दिलं असतं तं काय बिघडलं असतं?" प्रियंकानं वरणाला सांगितलं, "लहानाले आधी द्यावं, हे शिकवा लागत नाही कोणाले." त्या दिवसापासून दोघी जावांचं बोलणं सासूच्या तोंडून व्हायला लागलं. "आत्याबाई, त्यांले सांगा, मीठ इकडं द्या." मीठ हातभर अंतरावर असायचं.

दरवर्षी दोन्ही बैल एकाच दारातून निघायचे, समीक्षाचा पुढं, रोशनचा मागं. यंदा रोशननं जाहीर केलं, "मी मागच्या दारानं जाईन."

"पोट्ट्याईचं भांडण," विठ्ठलराव म्हणाले. "दोन दिवसांत इसरतीन."

"पोट्टे इसरतीन हो. त्याईच्या आया कशा इसरतीन?" मैनाबाई म्हणाली. आज वेगळं दार, उद्या वेगळी चूल. गावात तिनं अशी घरं पाहिली होती. आणि हे सगळं तिनंच पिशवीत घालून आणलं होतं, हे तिच्या मनातून जाईना.

तान्ह्या पोळ्याची दुपार आली. झुली तयार होत्या, एक निळी-पांढरी, एक लाल-पिवळी, आणि पाहणाऱ्याची नजर ठरत नव्हती. "माया बैल पयले ओवाळ," दोघंही एकदमच म्हणाले. मैनाबाई आता पुन्हा न्याय करायला तयार नव्हती. तिनं आतल्या अंगणात एकच पाट मांडला. पाट लहान, म्हणून दोन्ही बैल खांद्याला खांदा लावून उभे केले. दारात आलेल्या बैलाच्या पायावर घालतात तसं तांब्यानं पाणी घातलं, हळद-कुंकू लावलं. मग जन्माची सवय म्हणून ओला हात दोघांच्याही पाठीवरून चांगला दोन-तीनदा फिरवला. खरा बैल असता तर सुखानं शेपटी हलवली असती.

"आता पुरणपोळी खा, मंग निघा," ती म्हणाली. समीक्षा माजघरात जेवली, रोशन ओसरीवर.

जेवून आल्यावर रोशननं आपल्या बैलाची दोरी ओढली. पाटावरून दोन्ही बैल खाली उतरले.

"माया बैल कायले ओढतं बे?"

"मी मायाच ओढून राह्यलो!"

दोघं खाली बसून बघायला लागले. दोन झुलींच्या मध्ये फट म्हणून नव्हती. निळ्याला लाल चिकटलं होतं, पांढऱ्याला पिवळं.

"आजी, तूच पाणी टाकलं!" आता मात्र दोघांचा सूर एक होता.

शीला सुरी घेऊन धावली. "ताई, सुरी नका लावू!" प्रियंका ओरडली. "दोन्ही झुली जातीन!"

"मंग का करू वं?"

"तुम्ही तिकडून धरा, मी इकडून."

दोघी जावांनी एकेक बैल धरला आणि ओढला. बैल काही सुटले नाहीत, पण शीलाचा हात सुटला आणि प्रियंका पाटावरच्या पाण्यात धपकन बसली. बसल्या बसल्या तीच म्हणाली, "ताई, पाणी लागलं. आता मीही चिकटतो काय पाटाले?" शीलानं हात दिला, पण हसण्यात तिचंच बळ गेलं होतं, तीही बाजूला बसली.

मारुतीच्या पारावर डफडं वाजायला लागलं. आता वेळ नव्हता. पोरांनी दोन दोऱ्या धरल्या आणि निघाली. समीक्षाची ढांग मोठी, रोशनची लहान. बैलांची चाकं फिरली आणि जोडी तिथंच अंगणात गोल गोल फिरायला लागली.

"अरे, हे काय मळणी करून राह्यले काय?" विठ्ठलराव पुढं आले. "वखराले जुंपल्यासारखं चाला. एक पाय तिचा, एक पाय तुया. हं, चाल रे राजा!" पाच-सहा पावलं वाकडी पडली, मग जोडी सरळ झाली आणि पुढच्या दारानं बाहेर पडली.

पारापाशी बांधलेल्या तोरणाखाली साऱ्या गावाचे बैल एकेकटे, ही एकच जोडी. बक्षीस शिंगांवर दिवे लावलेल्या बैलाला गेलं. पण घरोघरी बोजारा, म्हणजे बैलामागं मिळणारा खाऊ-पैसा, मागताना या दोघांनी एकच धरून ठेवलं, "दोन बैल हायेत काकू, दोघाईचा द्या." दोघांचे खिसे फुगले.

दिवेलागणीला मैनाबाई चहा टाकत होती, तोच अंगणातून पुन्हा आरडाओरडा ऐकू आला. तिचा हात थांबला. ती दारात आली.

"आज जोडी मायाच खोलीत राहीन!"

"काहून? तुयाच कायले? जोडी मायीही हाय!"

दोन्ही सुना उंबऱ्यावर एकीला एक टेकून बसल्या होत्या आणि कोणाचीच बाजू घेत नव्हत्या.

"भांडा बापा, भांडा," मैनाबाई म्हणाली आणि चहात साखर घालायला आत गेली.