चुकलेला मंगळवार

रणधीरच्या घशातली कॅन्सरची गाठ इम्युनोथेरपीच्या सलाईननं विरघळली, पण बेंबळी गावात श्रेय मिळालं ते त्याच्या आईच्या नवसाला. नवस बोलल्या कडूबाई, फेडायचा सुनेनं. लेक वाचला तर वैष्णवी पाच मंगळवार अनवाणी जोगवा मागेल! देवीला शब्द द्यावा आणि पाय दुसऱ्याचे पोळावेत, ही सोय आपल्याकडं जुनी आहे.

वैष्णवीनं चार मंगळवार मागितले. पाचव्या मंगळवारी रणधीरचं अजून चालू असलेलं सलाईन होतं, म्हणून ती त्याच्याबरोबर सोलापूरला गेली. "पुढच्या मंगळवारी मागते," म्हणाली. "खंड पडला," कडूबाई म्हणाल्या.

वर्ष सरायच्या आत गाठ परत आली. डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं, "कॅन्सर आपल्या अंगातल्या राखणदार पेशींना रोखून धरतो. औषधानं त्या मोकळ्या होतात आणि खूण ओळखून कॅन्सरच्या पेशी मारतात. पण कॅन्सरच्या काही पेशींनी ती खूणच टाकून दिलेली असते. त्या ओळखू येत नाहीत, मागं उरतात आणि वाढतात. तुमचं कुणाचं काही चुकलेलं नाही."

रणधीरला ते नीट कळलं. परत येताना एसटीत तोच म्हणाला, "तणनाशक मारूनबी एखादं तण मरत न्हाय, अन् मग तेच सगळं रान धरतंय. तसलंच हाय हे."

दारातच कडूबाईंनी विचारलं, "मंगळवार चुकला म्हणूनच ना?"

रणधीर गप्प बसला. गावानं त्याचा होकार केला. बायका वैष्णवीला हळदीकुंकवाला बोलवेनात. कडूबाई तर तिच्या तोंडावर म्हणाल्या, "नवरा खायला आलीस."

वैष्णवीनं नवऱ्याचे पाय धरले. "अहो, आवाज हाय तवर आत्यांना खरं सांगा. तुमच्यामागं मला अन् पोरीला ह्या घरात कोण ठेवंल?"

"सांगतो की. पर आईला कुणावर तरी राग काढाय पायजे. माझंच अंग फितूर झालं, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

सांगतो, सांगतो करता करता आवाज गेला. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवली. ती साफ करायला, आधी हात धुवून मगच नळीला हात लावायला, दवाखान्यात वैष्णवीच शिकली. घरातलं दुसरं कुणी जवळ जाईना, सगळ्यांना किळस यायची.

एक दिवस भावकी बघायला आली. सगळ्यांसमोर कडूबाईंनी लेकाच्या तोंडावरून हात फिरवला. "लेकरा, नुसती मान हलव. हिच्यामुळंच झालं ना?"

वैष्णवी त्याच्याकडं बघत राहिली. नाही म्हणायला आवाज लागत नव्हता.

रणधीरनं बायकोकडं बघायचं टाळलं. आईकडं बघितलं आणि मान डोलावली.

कडूबाईंनी हंबरडा फोडला. भावकीतला एकजण म्हणाला, "हिला माहेरी धाडा." तेवढ्यात रणधीरची नळी घरघरू लागली, डोळे पांढरे व्हायला लागले. सगळे मागं सरले.

"बघत काय बसलीस?" कडूबाई ओरडल्या. "गुदमरतोय त्यो!"

वैष्णवी उठली आणि हात धुवायला मोरीकडं गेली.