मालकालाच घर विकलं

मालकासमोर त्याच्या घराची स्तुती करायची नाही, एवढं एकच एजंटने आमच्या ह्यांना बजावलं होतं. बाकीचं त्याने बोटांवर मोजून दिलं होतं. आधी वकील कागद तपासणार, मग टोकन, मग बँकेचं कर्ज, मग करार आणि शेवटी नोंदणी. "टोकन हातात पडेपर्यंत मालक कधीही नाही म्हणू शकतो," तो म्हणाला. "तोवर घर आवडलं तरी तोंड पाडून बसायचं."

ह्यांनी मान डोलावली. पण आमचे हे बावीस वर्षं गादीच्या दुकानात सेल्समन आहेत. मान डोलावणं त्यांना जमतं, गप्प बसणं नाही.

मला ते घर हवंच होतं. लग्नाला सोळा वर्षं झाली, आम्ही मोठ्या दिरांच्या घरात मधल्या खोलीत राहतो. मधली म्हणजे सगळ्यांचा बाथरूमला जायचा रस्ता आमच्या पलंगाशेजारून. दीर चांगले आहेत, जाऊबाईही चांगल्या आहेत. तरी मला आता तिथून निघायचं होतं.

वकिलाने कागद साफ असल्याचं कळवलं आणि आम्ही एजंटबरोबर टोकनचा चेक घेऊन गेलो. मालक काका पंचाहत्तरीचे. दुसरा मजला, लिफ्ट नाही, म्हणून काका-काकू मुलीच्या शेजारी राहायला जाणार होते. चहा झाला. चेक खिशातून अर्धा बाहेर आला होता, तेवढ्यात ह्यांची नजर खिडकीवर गेली.

"काय उजेड आहे हो काका!"

मी ह्यांच्या पायावर पाय दिला. उपयोग शून्य. समोर माणूस बसला की ह्यांना ब्रेक लागत नाही.

"हल्ली असं बांधतच नाहीत. ही भिंत ठोकून बघा. ठोका, लाजू नका." काकांनी स्वतःचीच भिंत ठोकून बघितली. "वारा कसा आरपार जातोय! असं घर एकदा हातचं गेलं की गेलं, काका. मागाहून पस्तावाल."

एजंटने डोळे मिटून घेतले.

काका उठून खिडकीशी गेले. "खरंय तुमचं," ते म्हणाले. "मला काय वेड लागलंय हे विकायला? नाही विकायचं."

मला रडू आलं आणि त्याच्या पाठोपाठ राग आला. राग बरा, तो निदान कामाला येतो. मी कपड्यांच्या कारखान्यात चेकिंगला आहे. शिवणीत दोष दिसला की तिथे लाल बाणाचा स्टिकर चिकटवायचा, हे माझं दिवसभराचं काम. स्टिकरचं एक पान पर्समध्ये कायम असतं. ते काढलं आणि उठले.

पहिला बाण खिडकीखालच्या ओलीवर. दुसरा बाथरूमच्या उखडलेल्या फरशीवर. तिसरा न लागणाऱ्या कपाटाच्या दारावर.

"अहो बाई, हे काय चाललंय?" काका म्हणाले. मी चौथा बाण लावला. चेकिंग करताना मी बोलत नाही.

पाचव्या बाणाला काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी ओल बघितली, बाण बघितला आणि माझ्यापुढे हात पसरला. "थोडे मला दे गं. वीस वर्षं ओरडतेय, कुणी ऐकेल तर शपथ!" स्वयंपाकघरात त्यांनी चार लावले, दोन जिन्याच्या कठड्यावर. शेवटचा त्यांनी काकांच्या दुखऱ्या गुडघ्यावर चिकटवला.

"हा जिना चढताना तुम्ही प्रत्येक मजल्यावर थांबता," त्या म्हणाल्या. "मला आत कळतं. मी चहा उशिरा ठेवते, तुम्हाला वर यायला वेळ लागला असं वाटू नये म्हणून."

काकांनी गुडघ्यावरचा बाण बोटाने चाचपला. मग खाली बसले आणि ह्यांच्यापुढे हात केला. "द्या तो चेक."

एजंट बाण मोजत होता. त्याला भाव पाडायचा होता. मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

जिना उतरताना हे म्हणाले, "एक विचारू का? ओल आहे, फरशी उखडलीय, लिफ्ट नाही. मग आपण हे घर घेतोय कशाला?"

"दिवसाला आठ तास दोष काढते मी," मी म्हणाले. "पण सोळा वर्षांत दिरांच्या घरात एका वस्तूला नाव ठेवलेलं नाही. रात्रभर गळणाऱ्या नळालाही नाही, कारण नळ त्यांचा आहे. मला नावं ठेवायला माझं स्वतःचं घर हवंय."

हे पायरीवर थांबले. हळूच म्हणाले, "तो नळ मलाही आवडत नाही."