सुमनचा नंबर

“काठ बाहेर! बाहेर गं, येडी!” सुमननं वर्षाच्या हातातली साडी ओढून पुन्हा उलगडली. “आता पुठ्ठा. मग पिशवी. बोल.”

“पुठ्ठा. पिशवी,” वर्षा म्हणाली.

कतारगामच्या त्या मतिमंद मुलींच्या वर्गात साडीची घडी शिकवावी ती सुमननंच. गायत्रीबेन शिकवायच्या तेव्हा पोरी खिडकीबाहेर बघायच्या; सुमन ओरडली की शिकायच्या. शहरात प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षी वर्गात आलेली सुमन आता सतराची झाली होती. तिच्या हाताखालच्या चार पोरी कापड मार्केटात घडीकामाला लागल्या. एकेक गेली की आपली पाळी कधी, ते सुमन घरी विचारायची, “माय, मना नंबर कवय?” तिची आई शोभाबाई एरवी लूम कारखान्यातल्या मुकादमालाही बोलू द्यायची नाही, या प्रश्नाला मात्र ती भाकरी थापत राहायची.

आज मार्केटातले ललितभाई एक मुलगी निवडायला आले होते. शोभाबाईही खाडा करून हजर. सुमनला नवा ड्रेस, दोन वेण्या, आणि तेल तर दोघींना पुरेल इतकं.

सुमनच्या सहा घड्या झाल्या तेव्हा वर्षा तिसरीवरच अडली होती.

“आ छोकरी चालशे,” ललितभाईंनी सुमनकडे बोट केलं. सुमन चपला शोधायला उठलीसुद्धा.

“ना भाई, ए हजी काची छे,” गायत्रीबेन घाईनं म्हणाल्या. “वर्षाने लई जाओ.”

वर्षा गेली. शोभाबाईनं बेनना दारातच गाठलं.

“कच्ची? माझ्या डोळ्यांदेखत?”

“अहो शोभाबेन, सुमन गेली तर नव्या पोरींना शिकवणार कोण? माझं ऐकतात का त्या? ती तर आमची छोटी टीचर!”

“टीचरला पगार असतो ना, बेन?”

बेन मनापासून हसल्या. हसलं की उत्तर द्यावं लागत नाही.

आत स्वप्ना नावाची नवी पोर शिकायला बसली होती. सुमननं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. वर्षाला येत नव्हतं, वर्षा गेली. आपल्याला येतं, आपण इथंच. तिनं स्वप्नाला उठवून आपल्या जागी बसवलं आणि स्वतः शिकणारीच्या सतरंजीवर मांडी घातली.

“तू शिकव. मला येत नाही.”

तिनं साडी उलटी दुमडली, काठ आत घालून, आणि बेनकडे पाहिलं. उजवा हात सवयीनं काठ ओढायला निघाला. तो तिनं मांडीखाली दाबून धरला आणि वाट बघत बसली.